फायबर घातलेली फरशी मोडून तिचीच खडी करायची तर

साध्या काँक्रीटच्या फरशीवर ब्रेकरची छिन्नी बसली की तडा धावतो, ढलपे सुटतात आणि दुपारपर्यंत निम्मं शेड मोकळं होतं. स्टीलचे फायबर घातलेल्या फरशीवर तीच छिन्नी नुसतं भोक पाडते. तडा पडतो, पण त्याच्या दोन्ही बाजू बारीक तारांनी एकमेकींना धरून ठेवलेल्या असतात. ज्या गुणासाठी फायबर घातले, तोच गुण फोडताना आडवा येतो. पुढे क्रशरमध्ये, पट्ट्यावर, चाळणीवर जे काही बिनसतं त्याचं मूळही इथेच आहे.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपपासून निपाणीकडच्या गोदामांपर्यंत, जिथे फोर्कलिफ्ट फिरते आणि जड माल एकावर एक रचला जातो, तिथे सळईच्या जाळीऐवजी फायबर हा पर्याय आता नवा राहिलेला नाही. शेड वाढवायचं, मशीनचा पाया बदलायचा म्हटलं की ही फरशी मोडावी लागते. मग ट्रॅक्टर-ट्रॉली भरभरून ते डबर एखाद्या नाल्याच्या कडेला जातं. तसं करायची गरज नाही. नीट फोडलं, तर त्यातून नव्या काँक्रीटसाठी खडी मिळते. मात्र ती किती आणि कुठे वापरायची, याचा हिशेब बहुतेकांच्या डोक्यात उलटा असतो.

आधी फायबर कोणता ते ओळखा

बाजारात ‘फायबर’ या एकाच नावाखाली निरनिराळ्या वस्तू विकल्या जातात. स्टीलचे फायबर साधारण ३० ते ६० मिलिमीटर लांब, अर्धा ते एक मिलिमीटर जाड आणि बहुधा दोन्ही टोकांना आकडा असलेले असतात. फरशीत ते घनमीटरला २० ते ४० किलो पडतात. मॅक्रो फायबर म्हणजे प्लास्टिकच्या ४०-५० मिलिमीटरच्या काड्या. त्या स्टीलच्या फायबरचंच काम करतात, पण वजन घनमीटरला काही किलोच. तिसरे मायक्रो फायबर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे १२ मिलिमीटरचे केस. घनमीटरला ९०० ग्रॅमच्या आसपास घालतात आणि त्यांचं काम ओल्या काँक्रीटला सुरुवातीला पडणाऱ्या बारीक भेगा रोखण्याइतकंच. काचेचे फायबर इमारतींच्या दर्शनी पातळ पॅनेलमध्ये असतात. ते डबर वेगळंच ठेवावं, या लेखातली पद्धत त्याला लागू नाही.

जुनं बिल किंवा ड्रॉइंग मिळालं तर प्रश्नच मिटला. नाहीतर एक कोपरा फोडून बघावा. तार लोहचुंबकाला चिकटली तर स्टील. काडी किंवा केस काडेपेटीच्या ज्योतीजवळ वितळून गोळा झाला तर प्लास्टिक. सांध्यांपाशी डॉवेल बार (दोन भाग जोडणाऱ्या सळया) आहेत का, खाली जाळी आहे का, हेही तेव्हाच बघून घ्यावं. क्रशरच्या जबड्यात १६ एमएमचा बार अडकला की अर्धा दिवस जातो.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून एक शेड धरू. २० बाय ३० मीटर, फरशी १५० मिलिमीटर, स्टीलचे फायबर घनमीटरला २५ किलो. काँक्रीट झालं ९० घनमीटर, म्हणजे साधारण ३२ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) आणि २१६ टन. फोडलेलं डबर फुगतं, त्यामुळे ट्रकात भरताना तेच ५० ब्रासच्या आसपास भरेल. फायबर झाले २,२५० किलो. ६० मिलिमीटर लांब आणि पाऊण मिलिमीटर जाड फायबरचं वजन जेमतेम ०.२ ग्रॅम असतं. किलोत सुमारे ४,८००. म्हणजे त्या एका फरशीत एक कोटीहून जास्त तारा आहेत. ‘मजुरांकडून वेचून घेऊ’ असं कुणी म्हणालं तर हा आकडा सांगावा.

फोडताना

मधोमध ब्रेकर लावणं हा सगळ्यात महागडा मार्ग. डिझेल जळतं, छिन्नी तापते आणि फरशीची चाळण होते, तुकडे होत नाहीत. फ्लोअर कटरने आधी एक ते दीड मीटरचे चौकोन कापावेत, जमेल तितके जुन्या सांध्यांवरूनच. मग मोकळ्या कडेपासून सुरुवात करून चौकोन उचलावा. चौकोन खालून मोकळा झाला की तो वाकवून तोडणं सोपं जातं, कारण जमिनीचा आधार सुटलेला असतो आणि फायबर एकेक करून उपटले जातात. एक्स्कॅव्हेटरला पल्व्हरायझरचा जबडा लावता आला तर उत्तम. तो दाबून चुरडतो, आणि फायबरच्या काँक्रीटला ठोकण्यापेक्षा चुरडणं जास्त मानवतं. तुकडे ३०० ते ४०० मिलिमीटरपेक्षा मोठे ठेवू नयेत. खडी क्रशरवाला मोठे दगड घेतो म्हणून हेही घेईल असं नाही. दगड जबड्यात फुटतो, हा तुकडा जबड्यात वाकून बसतो.

साइट रोज झाडायची आणि झाडल्यावर चाकांवरचं मॅग्नेट फिरवायचं. तुटलेल्या फरशीतून बाहेर आलेली तार टिपरच्या टायरमध्ये आणि माणसाच्या चपलेत सारख्याच सहजतेने घुसते. जाड तळव्याचे बूट आणि गॉगल नसतील तर काम सुरूच करू नये.

फायबरपेक्षा वाईट पाहुणे

सगळं लक्ष फायबरकडे जातं आणि फरशीने इतकी वर्षं काय प्यायलं हे कुणी विचारत नाही. आमच्या मते खरा धोका तिथे आहे.

मशीन शॉपच्या फरशीत कूलंट आणि कटिंग ऑइल मुरलेलं असतं. तेल लागलेल्या खडीला नवी सिमेंटची पेस्ट धरत नाही. काळपट डागांचा भाग कापतानाच बाजूला काढावा, आणि संशय असेल तिथे वरचा १०-१५ मिलिमीटरचा थर खरवडून टाकावा. इपॉक्सीचा रंग आणि सांध्यांतलं रबरासारखं सीलंटही तेव्हाच निघतं.

आपल्या भागात त्याहून नाठाळ पाहुणा म्हणजे साखर. बेळगाव जिल्हा साखर कारखान्यांचा. साखरेची गोदामं, मळीच्या टाक्यांभोवतीचा कोबा, गुऱ्हाळघराची फरशी यांतलं काँक्रीट गोड झालेलं असतं. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरसुद्धा काँक्रीटचं आवळणं लांबवते. घनमीटरला ३३० किलो सिमेंट धरलं तर ही साखर होते १६५ ग्रॅम, चहाच्या टपरीवर तासाभरात संपते तेवढी. प्रमाण आणखी वाढलं तर दुसऱ्या दिवशीही फरशी ओलीच, आणि दोष सिमेंटच्या कंपनीवर. असं डबर भरावात टाकावं, नव्या काँक्रीटमध्ये नको. नाइलाज असेल तर खडी धुऊन आधी सिमेंट, वाळू आणि त्या खडीचा एक छोटा घाणा करून तो नेहमीच्या वेळेत आवळतो का ते पाहावं.

विटा, कौलांचे तुकडे, जिप्समचा गिलावा हे डबरात मिसळू देऊ नये. खानापूरकडच्या जुन्या कौलारू शेडमध्ये नवी फरशी असेल तर छप्पर आधी उतरवून वेगळं ठेवायचं, मग फरशीला हात लावायचा. २०१६ च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांतही दिवसाला २० टनांपेक्षा जास्त किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टनांपेक्षा जास्त डबर काढणाऱ्याने काँक्रीट, माती, स्टील-लाकूड-प्लास्टिक आणि विटा-गिलावा असं वर्गीकरण करणं सांगितलं होतं. २०२५ साली त्या जागी नवे नियम अधिसूचित झाले, त्यांची अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासूनची आहे. आपल्या शेडचं २१६ टन डबर दहा-बारा दिवसांत निघणार असेल, तर जुन्या नियमांतली दिवसाची २० टनांची रेषा जवळच होती; आता नवे नियम काय सांगतात ते आधी पाहून घ्यावं.

क्रशरवर काय होतं

पहिला टप्पा जॉ क्रशरचा. जबड्याची फट ४० ते ६० मिलिमीटर ठेवली की काँक्रीट फुटतं आणि बरेचसे फायबर सुटे होतात. इथून बाहेर पडणाऱ्या पट्ट्यावर आडवा मॅग्नेट टांगलेला हवा. पट्ट्यावर मालाचा थर जाड असेल तर खालचे फायबर मॅग्नेटपर्यंत पोचत नाहीत, म्हणून माल हळू सोडायचा. मॅग्नेटची उत्तम जागा पट्ट्याच्या शेवटी, जिथे माल हवेत उडून खाली पडतो. त्या क्षणी खडी आणि तार एकमेकांपासून सुटलेली असतात.

दुसरा टप्पा इम्पॅक्टरचा. जॉ क्रशर नुसता चेपतो, त्यामुळे खडीला जुना मसाला (सिमेंट-वाळूचा थर) चिकटून राहतो आणि त्या मसाल्यातच फायबरची मुळं अडकलेली असतात. इम्पॅक्टर खडीला आपटतो, मसाला झडतो, फायबर मोकळे होतात. त्यानंतर दुसरा मॅग्नेट. एकाच मॅग्नेटवर काम भागवणाऱ्याच्या खडीत तारा राहतातच.

बिघाड ठरलेले आहेत. आकड्याची तार रबरी पट्ट्यात रुतते आणि पुढच्या रोलरवर पट्टा चिरत जातो. म्हणून माल पट्ट्यावर पडतो तिथे उंची कमी ठेवावी आणि दर पाळीला पट्टा तपासावा. २० एमएमच्या चाळणीतून ६० एमएमची तार उभी होऊन सहज खाली जाते, म्हणजे लांबीवरून चाळणं फसतं. शिवाय तारा एकमेकींत गुंतून घरटी होतात आणि चाळणीची भोकं बुजतात. चाळणीच्या आधी मॅग्नेट हवा तो यासाठी.

प्लास्टिकच्या फायबरला मॅग्नेट उपयोगाचा नाही. चाळणीवर ब्लोअरचा झोत मारला की सुटे केस उडतात. ते जाळीच्या पिशवीत गोळा करावेत. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१, त्यामुळे पाण्याच्या टाकीत ते तरंगतं आणि वरून काढता येतं, पण ज्याच्या टोकाला मसाल्याचा गोळा आहे ते बुडतं. घनमीटरला ९०० ग्रॅम आणि जाडी ३० मायक्रॉन धरली तर घनमीटरमागे ११ कोटींहून जास्त केस होतात. सगळे निघतील ही आशाच करू नये. धुण्याचं पाणी मात्र कापडातून गाळल्याशिवाय ओढ्यात सोडायचं नाही. मार्कंडेय नदी काय किंवा मलप्रभा काय, ते पाणी शेवटी शेताला आणि नळालाच येतं.

निघालेल्या स्टीलच्या फायबरचं काय? नव्या काँक्रीटमध्ये घालायचा मोह होतो, कारण नव्या फायबरला पैसे पडतात. पण आकडे सरळ झालेले असतात, तारा वाकड्या असतात, अंगाला मसाला असतो. मिक्सरमध्ये त्यांचे गोळे होतात आणि जिथे गोळा तिथे पोकळी. डिझाइनमध्ये त्यांचा एक किलोही धरू नये. फाउंड्रीच्या भंगारात ते जाऊ शकतात आणि बेळगावात फाउंड्री शोधायला लांब जावं लागत नाही. फक्त अंगाचा मसाला झटकलेला हवा, नाहीतर भट्टीत तो स्लॅग होतो. बारीक तार भट्टीत जळूनही बरीच जाते, तेव्हा जाड भंगाराचा भाव मागू नये.

खडी किती वापरायची

आता तो उलटा हिशेब. २१६ टनांपैकी साधारण साठ टक्के, म्हणजे १३० टनांच्या आसपास खडी मिळेल; उरलेला बारीक चुरा. ‘आपलीच फरशी, आपल्याच नव्या फरशीत सगळी घालू’ असं वाटतं. आयएस ३८३ या खडी-वाळूच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत काँक्रीटपासून केलेल्या अशा खडीला साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्के, सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्के आणि तीही एम-२५ या ताकदीच्या ग्रेडपर्यंतच, आणि एम-१५ च्या खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये १०० टक्के अशी मर्यादा आहे. फायबरच्या फरशीला आम्ही सळईचीच मर्यादा लावतो.

नव्या ९० घनमीटर फरशीत खडी घनमीटरला साधारण १,१०० किलो. तिचे २० टक्के म्हणजे सगळी मिळून १७ ते २० टन. बाकीची? फरशीखाली १०० मिलिमीटर जाडीचं १:४:८ चं (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी) पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, असेल तर ते ६० घनमीटर होतं आणि त्यात जुनी खडी पूर्णपणे चालते. तिथे ६५ टनांच्या आसपास खपते. उरलेली पंचेचाळीस टनांच्या आसपास त्याखालच्या भरावात, मुरमाच्या जोडीला. चुऱ्यापैकी काही पीसीसीत वाळू म्हणून, काही भरावात. म्हणजे जुनी फरशी नव्या फरशीत थोडी आणि नव्या फरशीखाली बरीच जाते, आणि जागेबाहेर एक ट्रॉलीही जात नाही.

चुऱ्याबद्दल एक सूचना. चांगल्या काँक्रीटमध्ये तो टाळावा. जुन्या सिमेंटचा बहुतेक भाग त्यातच असतो, तो पाणी बेसुमार पितो, आणि बारीक फायबर राहिले तर त्यातच राहतात. त्यापेक्षा एम सँड (दगड फोडून केलेली वाळू) परवडते.

मिक्स करताना

निपाणी-चिक्कोडीकडची काळ्या दगडाची खडी एखाद टक्का पाणी पिते, जुन्या काँक्रीटची खडी ३ ते ८ टक्के. आयएस ३८३ अशा खडीला १० टक्क्यांपर्यंत सूट देतं, पण आधी भिजवण्याच्या अटीवर. ही अट कागदावरची समजू नये. घनमीटरला २०० किलो अशी खडी कोरडी घातली आणि ती ५ टक्के पाणी पिणारी निघाली, तर १० लिटर पाणी काँक्रीटमधून शोषलं जातं. मिक्सरमधून माल छान निघतो आणि अर्ध्या तासात घट्ट होतो. मग मेस्त्री बादलीभर पाणी ओततो, आणि ताकद तिथेच जाते. आदल्या संध्याकाळी ढिगावर पाणी मारून ताडपत्री टाकावी. सकाळी खडी आतून ओली आणि वरून कोरडी असावी. पावसाळ्यात उलटं होतं. ढीग उघडा असेल तर खडीत ८ टक्के पाणी भरलेलं असतं, तेव्हा ५ च्या वरचे ३ टक्के, म्हणजे ६ लिटर, मिक्सच्या पाण्यातून वजा करायचे. खानापूरच्या बाजूला जूननंतर ओलावा रोज मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

दुसरी चूक वजनाची. काळ्या दगडाची घनता २.८ ते २.९, या खडीची २.३ ते २.५. २२० किलो काळी खडी काढून २२० किलो ही घातली तर आकारमान सुमारे १४ लिटरने वाढतं आणि घनमीटरमागे सिमेंट तेवढं कमी पडतं. आकारमानाला आकारमान द्यायचं: २२० च्या जागी साधारण १८५ किलो.

घाण्याच्या आधी १० किलो खडी ताटात पसरून हातातलं मॅग्नेट फिरवावं. आपल्या उदाहरणातल्या काँक्रीटमध्ये मुळात १० किलोमागे १०० ग्रॅमच्या वर फायबर होते. आता ताटात १० ग्रॅमपर्यंत राहिले असतील तर चालवून घ्यावं, जास्त असतील तर ढीग पुन्हा मॅग्नेटखालून काढावा. हा मानकातला आकडा नव्हे, कामाचा अंदाज आहे. खडीला चिकटलेले चार-दोन फायबर ताकद बिघडवत नाहीत. पृष्ठभागावर आले तर गंजाचे ठिपके पडतात, तेही बहुधा दिसण्यापुरतेच. पण गोठ्याचा कोबा, शाळेचं अंगण, देवळाची प्रदक्षिणेची वाट अशा जागी ही खडी वरच्या थरात वापरू नये. बैलाच्या खुरात किंवा अनवाणी पायात गेलेली तार हा गंजाच्या ठिपक्यापेक्षा फार वेगळा विषय आहे.

चाचणी म्हणाल तर स्लंप (साच्यातून सोडलेला ओला माल किती खचतो ते) तीनदा घ्यावा: लगेच, अर्ध्या तासाने, तासाने. घसरण साध्या मिक्सपेक्षा फार जास्त असेल तर खडी नीट भिजलेली नाही. १५० मिलिमीटरचे क्यूब ७ आणि २८ दिवसांना फोडावेत. नव्या फरशीत नवे फायबर असतील तर क्यूबवरून त्यांच्याबद्दल काहीच कळत नाही. फायबरचं काम तडा पडल्यानंतर सुरू होतं. त्यासाठी खाच पाडलेला १५० बाय १५० चा बीम वाकवून तडा रुंदावताना तो किती भार पेलतो ते मोजतात, ईएन १४६५१ या युरोपीय मानकात ती पद्धत आहे. शेड मोठं असेल तर मटेरियल लॅबला आधीच विचारून ठेवावं, सगळ्यांकडे ते यंत्र नसतं.

सांधे नेहमीपेक्षा थोडे जवळ कापावेत, कारण ही खडी आकुंचन वाढवते. पाणी सात दिवस मारायचं तिथे दहा दिवस मारावं. आणि आरएमसीचा (तयार काँक्रीटच्या प्लांटचा) फायबरवाला माल उरून परत आला तर तो ओढ्याकाठी न ओतता मोकळ्या जागेत १०० मिलिमीटरचा पातळ थर करून पसरावा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो कोवळा असतानाच बॅकहोच्या बकेटने मोडतो, आणि कटर लावायची वेळ येत नाही.